दुकानाचे भाडे थकले तर : भाडेकरूचे हक्क आणि जबाबदारी

कापडाच्या धंद्यात माल उधारीवर जातो आणि पैसा दोन-तीन महिन्यांनी येतो. भाडे मात्र दर महिन्याला द्यावेच लागते. ईदचा हंगाम संपला की मंदीत एखाद-दोन महिन्यांचे भाडे मागे राहते. मग मालक रोजची ‘लेट फी’ मागतो, कुलूप लावण्याची भाषा करतो, आणि आपला दुकानदार घाबरून मिळेल त्या कागदावर सही करतो. म्हणून महाराष्ट्रातील कायदा काय सांगतो, ते आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

प्रथम आपला कागद कोणता, ते पाहावे. भाडेकरू असाल, मग दुकान पागडीचे का असेना, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ लागू होतो. हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. हल्ली पुष्कळ गाळे लीव्ह अँड लायसन्सवर दिले जातात. असा गाळा घेणारा भाडेकरू ठरत नाही, आणि पुढे सांगितलेले ९० दिवसांचे संरक्षण त्याला मिळत नाही. सही करण्यापूर्वी हा फरक जरूर समजून घ्यावा.

कलम १५ प्रमाणे भाडेकरू भाडे देत असेल किंवा देण्यास तयार असेल आणि इतर अटी पाळत असेल, तर थकबाकीच्या नावाखाली जागा काढून घेता येत नाही. भाडे थकलेच तर मालकाने आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ९० दिवस थांबावे लागते. त्यानंतर दावा झाला, तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सर्व थकबाकी सालाना १५ टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरली, पुढचे भाडे नियमित भरले आणि कोर्ट सांगेल तो खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणाने जागा जात नाही. ही मुदत हलकी समजू नये. समन्स खिशात ठेवून फिरणाऱ्याचे दुकान जाऊ शकते.

आता लेट फी. समजा भाडे ६,००० रुपये आहे आणि करारात रोज १०० रुपये दंड लिहिला आहे. ४० दिवस उशीर झाला तर दंड ४,००० रुपये होतो. १५ टक्के दराने तेवढ्याच दिवसांचे व्याज सुमारे १०० रुपये होते. करार कायदा १८७२ चे कलम ७४ सांगते की करारात दंड लिहिला म्हणून तो पुरा वसूल होत नाही; कोर्ट वाजवी भरपाईच देते, आणि ती लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नसते. हे कलम लायसन्सवाल्यालाही उपयोगी आहे.

दीनी बाजूही पाहावी. थकलेले भाडे हे कर्ज आहे, आणि त्यावर उशिराबद्दल जादा रक्कम घेणे बहुतेक उलेमांच्या मते सूद ठरते. म्हणून आपल्यातील जे बांधव मालक आहेत त्यांनी लेट फीऐवजी अनामत रकमेची अट घालावी, आणि तंगीत असलेल्यास मोहलत द्यावी. पण ऐपत असून देणे टाळणे हा हदीसप्रमाणे जुलूम आहे, हे भाडेकरूनेही विसरू नये.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. भाडे घेतल्यावर लेखी पावती देणे मालकावर कलम ३१ प्रमाणे बंधनकारक आहे. योग्य कारणाशिवाय वीज-पाणी तोडण्यास कलम २९ मनाई करते. कोर्टाच्या हुकमाशिवाय जबरदस्तीने जागेबाहेर काढले, तर स्पेसिफिक रिलीफ कायदा १९६३ च्या कलम ६ प्रमाणे सहा महिन्यांच्या आत दावा लावता येतो. भाडेकरार लेखी व नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी कलम ५५ ने मालकावर टाकली आहे.

मालक भाडे घेतच नसेल तर गप्प बसू नये. बँकेतून त्याच्या खात्यात भरावे, किंवा पोच मिळेल अशा टपालाने चेक पाठवून त्याची नक्कल जपावी. नोटीस आली तर त्याच आठवड्यात वकिलाला दाखवावी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराच्या आयत २८२ मध्ये आहे. आपण गिऱ्हाइकाची उधारी वहीत लिहितो. भाड्याची पावतीही त्याच वहीत लावून ठेवावी.