रूट केलेला मोबाइल पूर्ववत करताना

जुन्या मोबाइलचा धंदा करणाऱ्या आमच्या दुकानदार बांधवांकडे रूट केलेला सॅमसंग अधूनमधून येतोच. बँकेचे ॲप चालेना, की गिऱ्हाईक तो विकायला काढतो. पुष्कळ कारागीर 'फॅक्टरी रिसेट' करून मोकळे होतात. त्याने डेटा पुसतो. बदललेले सॉफ्टवेअर तसेच राहते.

खरे काम संगणकावरील 'ओडिन' या प्रोग्रामचे. आधी डेटा उतरवून गूगल खाते काढावे, नाहीतर मोबाइल मागाहून जुन्या मालकाचा पासवर्ड मागत बसतो. मग नेमक्या त्याच मॉडेलचे मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे बीएल, एपी, सीपी व सीएससी या फाइली, डाउनलोड मोडमध्ये भराव्यात. आहे त्याहून जुना बूटलोडर बहुधा स्वीकारला जात नाही.

इतके करूनही एक खूण उरते. परके सॉफ्टवेअर भरताच आतला नॉक्सचा फ्यूज उडतो, तो पुन्हा जोडता येत नाही. सिक्युअर फोल्डर त्यावर कायमचे बंद. डाउनलोड मोडच्या पडद्यावर 'वॉरंटी व्हॉइड'पुढे शून्याऐवजी एक दिसतो. असा माल 'कंपनीसारखा' म्हणून पुऱ्या भावाने विकणे आम्हास पटत नाही. बिलावर तसे लिहावे. आणि स्वतः घेतानाही हा आकडा पाहूनच भाव बोलावा.