उंबऱ्यापलीकडचा पहिला महिना

दर चार-पाच वर्षांनी एखादा उमेदीचा समीक्षक असा शोध लावतो की, मराठी मुलांनी घर सोडून आपलं आपण राहायला सुरुवात केली ती २०१५ मध्ये, 'दिल दोस्ती दुनियादारी' ही मालिका लागली तेव्हा. त्याआधी म्हणे आपण सगळे आईच्या हातची पोळी खात ओटीवर बसलो होतो! मालिका चांगली होती, त्यात वाद नाही. मुंबईतल्या एका फ्लॅटमध्ये राहणारी सहा मुलं-मुली आणि त्या फ्लॅटला दिलेलं 'माजघर' हे नाव, दोन्ही मला मनापासून आवडलं होतं. पण घर सोडण्याचा मराठी इतिहास तिथून सुरू करायचा म्हणजे सिनेमाला मध्यंतरानंतर जाऊन बसायचं आणि शेजाऱ्याला कथा सांगायची.

मूळ पुरुष शोधायचाच तर 'सावधान' ऐकताच बोहल्यावरून पळालेल्या नारायण ठोसरापर्यंत मागं जाता येईल. तिथे मी थांबत नाही. त्या पलायनावर कीर्तनकारांनी पुरेशी पोटं भरली आहेत. शिक्षणासाठीची पायपीटही सगळ्यांना पाठ आहे. परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला डोंगर तुडवत चालत गेलेले आणि वयानं लहान दिसतात म्हणून परत पाठवलेले धोंडो केशव कर्वे, पुण्यातले माधुकरी मागणारे आणि वार लावून जेवणारे विद्यार्थी, शाहू महाराजांनी कोल्हापुरात उभारलेली वसतिगृहं, भाऊरावांचं साताऱ्याचं बोर्डिंग. हे सगळं थोर आहे. पण शाळेच्या गॅदरिंगमध्ये इतक्या वेळा सांगून झालंय की त्यातली भूकसुद्धा आता गुळगुळीत झाली आहे.

नाटक कंपनीत पळून जाणाऱ्या पोरांचं प्रकरण मात्र रंगतदार होतं. कंपनीचा मुक्काम हलला की गावातलं एखादं गोड गळ्याचं पोरगंही हललेलं असायचं. गाण्यापायी घर सोडणाऱ्यांत भीमसेन जोशींना तोड नाही. १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, गदगहून निघालेला हा मुलगा बिनतिकीट प्रवास करत, डब्यात गाणी म्हणत, गुरू शोधत ग्वाल्हेरपर्यंत गेला, जालंधरपर्यंत पोचला आणि शेवटी गुरू भेटले ते घराजवळच्या कुंदगोळला. आपण मात्र ती गोष्ट चमत्कारासारखी सांगतो. रात्री तो झोपला कुठे, जेवला कोणाकडे, हे कोणी विचारत नाही.

माझं जुनं भांडण इथेच आहे. आपली लोकप्रिय कला घर सोडणाऱ्याला वेशीपर्यंत पोचवायला जाते, डोळे पुसते आणि परत फिरते. गेलेला माणूस पलीकडे जाऊन पहिल्या महिन्याचं भाडं कसं भरतो, पाणी कुठून भरतो, आजारी पडल्यावर त्याला पेज कोण देतं, याचं तिला सोयरसुतक नाही. घर सोडणाऱ्या बायकांची तर मोजदादच होत नाही. या महाराष्ट्रात सगळ्यात जास्त घर सोडलं ते लग्न झालेल्या मुलींनी. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या चाळल्या तर सासरच्या घरात नव्यानं शिरलेल्या मुलीचा सगळा हिशेब मिळतो: कोणी टोचून बोललं, भाऊ कधी येणार, माहेरची वाट कुठल्या झाडाशी वळते. आणि सिनेमानं त्यातून काय उचललं? १९९१ ची 'माहेरची साडी'. थिएटरात बायका ढसाढसा रडल्या आणि घरी जाऊन पुन्हा भाकऱ्या थापायला लागल्या.

दुसरं भांडण चाळवाल्यांशी. 'बटाट्याची चाळ' १९५८ मध्ये आली आणि तेव्हापासून चाळ म्हणजे बिऱ्हाडं, चाळ म्हणजे गच्ची, चाळ म्हणजे भांडणं आणि गणपती असं समीकरण झालं. पुलंचा दोष नाही, त्यांनी त्यांची चाळ लिहिली. दोष आहे तिलाच अख्खी मुंबई समजणाऱ्यांचा. माझे एक विद्वान मित्र अजून म्हणतात की मुंबईत आलेला मराठी माणूस कुटुंबासकट आला. त्यांनी परळ-लालबागच्या चाळींतल्या गावकीच्या खोल्या पाहिल्या नसाव्यात.

मी पाहिल्यात, कारण मी तिथे राहिलो. दहा बाय बाराची खोली, भाडं गावच्या मंडळाच्या नावावर, आणि गावातला कोणीही पुरुष गिरणीत लागला की त्याचा तिथे हक्क. भिंतीला लागून एकावर एक ट्रंका. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात नाव आणि त्याखाली मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा रत्नागिरी. ट्रंक हेच घर. बाकी खोली सामायिक. वळकटीसुद्धा पाळीवर चालायची: दिवसपाळीवाला बाहेर पडला की रात्रपाळीवाला तिच्यावर आडवा. माझे चुलते बाराही महिने रात्रपाळी मागून घ्यायचे, कारण दुपारी खोलीत जागा असायची.

जेवण खानावळीत. ही खानावळ म्हणजे हॉटेल नव्हे. त्याच चाळीतली एखादी बाई, बहुधा गिरणीवाल्याचीच बायको किंवा विधवा, आपल्या चुलीवर वीस-पंचवीस माणसांचं रांधायची. पैसे पगार झाल्यावर. पगार लांबला, कोणी आजारी पडला, तरी ताट मांडलं जायचं. त्यासाठी वाण्याचं आणि सावकाराचं देणं तिच्या डोक्यावर चढायचं. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरवांनी अशा चौदा खानावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं आणि त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. घर सोडलेल्या लाखभर पुरुषांना मुंबईत जगवलं ते या बायकांनी. त्यांच्यावर सिनेमा काढा, असं मी दिसेल त्या निर्मात्याला सांगत आलो. एकानं विचारलं, "यात हिरो कोण?"

आता मनीऑर्डर. तिच्या फॉर्मच्या तळाशी मजकुरासाठी चार ओळींची जागा असायची. चुलत्यांना लिहिता येत नसे, म्हणून ते सांगायचे आणि मी लिहायचो. लावणीसाठी पैसे पाठवले आहेत. म्हशीचं बघावं. थोरल्याला शाळेतून काढू नये. चुलतीसाठी त्यात एक शब्द नसायचा. एकदा मी धीर करून विचारलं, तर म्हणाले, "पोस्टमन खळ्यात उभा राहून सगळ्यांदेखत वाचतो रे, काय लिहू?"

त्या चार ओळींत जे मावत नव्हतं, ते शाहिरांनी गायलं. अण्णा भाऊ साठे वाटेगावहून वडिलांबरोबर चालत मुंबईला आले, पोटासाठी पडेल ते काम केलं, गिरणीतही राबले. १९४४ मध्ये त्यांनी अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. त्यांची मैनेची छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली म्हणून शिकवली जाते, आणि शेवटाकडे ती बेळगाव-कारवारकडे वळते हे खरंच आहे. पण मैदानात बसलेला कामगार सीमाप्रश्नापर्यंत पोचण्याआधीच ढवळून निघालेला असायचा. गावी राहिलेली बायको, तिचं रूप, निघतानाची तिची समजूत, आणि मुंबईत आल्यावर झालेली दैना, हे कोणीतरी पहिल्यांदा त्याच्या वतीनं हजारो माणसांसमोर मोठ्यानं म्हणत होतं. आमच्या खोलीतले सगळे नवरे ती छक्कड गुणगुणायचे. एरवी बायकोचं नावही न घेणारी माणसं ही! मराठीत घर सोडण्यावर याहून मोठं काही झालेलं नाही, हे माझं मत मी पन्नाशीपासून मांडतोय. ते प्रचारकी आहे म्हणून नाक मुरडणारेही तेव्हापासून तेच आहेत.

जाखडी आणि नमन घ्या. कोकणातून आलेल्या पोरांनी ही सगळी सोंगं मुंबईत आणली आणि परळच्या दामोदर नाट्यगृहात त्यांच्या शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या रंगवल्या. १९२२ पासूनचं ते नाट्यगृह पुनर्विकासासाठी बंद झालं, त्याची बातमी मला वर्तमानपत्रात शोधावी लागली. गोवेकरांचं उदाहरण तर याहून ठसठशीत. धोबीतलाव भागात त्यांचे गावागावांचे कूड, म्हणजे आमच्या गावकीच्या खोल्यांचीच भावंडं. बोटीची वाट पाहणारा तारवटी तिथे ट्रंक ठेवून राहायचा आणि संध्याकाळी तेर्साला हजर असायचा. त्याच मुंबईत १७ एप्रिल १८९२ ला 'इटालियन भुरगो' झाला आणि तियात्र जन्माला आला. एक अख्खी रंगभूमी घर सोडलेल्यांनी परमुलखात उभी केली, आणि आमच्या नाट्येतिहासाच्या जाडजूड ग्रंथांत ती शोधायला भिंग लागतं.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि बरेच परत गिरणीत गेलेच नाहीत. ट्रंका उतरल्या, एसटीच्या टपावर चढल्या. खानावळवाल्यांची उधारी बुडाली ती बुडालीच. जयंत पवारांचं 'अधांतर' १९९७ मध्ये आलं, तेव्हा मी ते एकाहून अधिक वेळा पाहिलं. त्या खोलीत अडकलेल्या मुलांकडे घर सोडण्यापुरतेही पैसे नाहीत. घर सोडायलाही आधी ऐपत लागते, हे त्या नाटकानं रंगमंचावर आणून ठेवलं.

मध्यमवर्गाचा भाग मी उरकतो. 'संध्याछाया'पासून परदेशी गेलेल्या मुलांच्या आई-बापांवर इतकं लिहून झालं की मधली दोन दशकं नाट्यगृहांत टेलिफोनची घंटी वाजली की प्रेक्षक रुमाल काढायचे. दळवींचं नाटक थोरच. त्यानंतरची शाई वाया. 'वाडा चिरेबंदी'चा अपवाद करायला हवा. एलकुंचवारांनी १९८५ मध्ये मुंबईला गेलेला सुधीर धरणगावच्या वाड्यात परत आणून बसवला, आणि घर सोडलेल्याकडे घरात राहिलेला कसा बघतो, तो हिशेब पैशापासून दागिन्यापर्यंत मांडला. 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकरही माझ्या पसंतीचा: पुण्यातलं होस्टेल, बापाचे पैसे आणि मेसच्या कारभारात बसलेली चाट. त्यातल्या अस्तित्ववादावर लिहिणारे खूप. मेसच्या हिशेबावर लिहा म्हटलं तर हसतात.

'अशी ही बनवाबनवी'वर लिहायला कोणी गंभीर माणूस तयार नसतो, म्हणून ते काम माझ्याकडे. १९८८ चा हा सिनेमा १९६६ च्या 'बीवी और मकान'वरून घेतला, हे मान्य. पण पुण्यात बिनलग्नाच्या पोरांना जागा मिळत नाही, म्हणून दोघांनी बायकांचं सोंग घ्यायचं, यात पुणेरी घरमालकाचं जे यथार्थ दर्शन आहे ते समाजशास्त्राच्या प्रबंधांत मला सापडलं नाही. घरमालकाची परवानगी, पाहुण्यांची चौकशी, शेजाऱ्यांची नजर, रात्री दार लावण्याची वेळ, या चाचणीतून न गेलेला मराठी तरुण त्या काळी विरळाच.

बायकांच्या बाजूनं एकच सिनेमा शेवटपर्यंत गेला: जब्बार पटेलांचा 'उंबरठा' (१९८२), शांता निसळांच्या 'बेघर' कादंबरीवरचा. स्मिता पाटीलची सुलभा सुधारगृहाची नोकरी धरते आणि सिनेमा तिच्याबरोबर त्या आवारात जाऊन राहतो. तिथल्या बायका, समितीचे सभासद, फायली, कोंडी, सगळं दाखवतो. ती घरी परतते तेव्हा घर तिच्यावाचून चालायला लागलेलं असतं. ती पुन्हा आगगाडीत बसते. त्यावेळी एका परिसंवादात मला सुनावण्यात आलं की हा सिनेमा कुटुंबव्यवस्थेच्या मुळावर आलाय. सुनावणारे गृहस्थ पुढे मुलीकडे कॅलिफोर्नियात राहायला गेले.

तसाच 'सैराट'. २०१६ मध्ये बहुतेकांचं म्हणणं पडलं की मध्यंतरापर्यंत झकास, पुढे लांबलाय. मला विचाराल तर सिनेमा मध्यंतरानंतर सुरू होतो. आर्ची आणि परश्या हैदराबादला पोचतात. तेलुगू येत नाही, खिशात पैसे नाहीत, राहायला झोपडपट्टीतली खोली. परश्या डोशाच्या गाडीवर, आर्ची बाटल्या भरण्याच्या कारखान्यात. ज्या मुलीनं बुलेट आणि ट्रॅक्टर चालवला तिला त्या वस्तीतला संडास सोसत नाही, आणि ती भांडते, संशयाला तोंड देते, निघून जाते, परत येते. नागराज मंजुळेंनी दाखवलेला हा पहिला महिना आहे. 'लांबलाय' म्हणणाऱ्यांना बहुधा गाणी हवी होती.

आणि आता? संध्याकाळी सात ते दहा टीव्ही लावून बघा. मालिकांतून कोणी घर सोडतच नाही. सून तावातावानं पिशवी भरते, दारापर्यंत जाते, तीन भाग दारातच उभी राहते आणि चौथ्या भागात सासूच्या हातचा चहा घेते. याचं कारण नीतिमत्तेत शोधू नये. चित्रनगरीत दिवाणखान्याचा एक सेट लागलेला असतो आणि त्याचा खर्च वसूल व्हायचा असतो. ती खरोखर निघाली तर दुसरी खोली उभारावी लागेल, तिथे नवा घरमालक, नवी शेजारीण, नवा डबेवाला लिहावा लागेल. एका मालिकालेखकानं मला हे हसत हसत सांगितलं आणि मग स्वतःच गप्प झाला. तो स्वतः बार्शीचा, अंधेरीत तिघांत एक खोली करून राहणारा.

मराठी पोरं तर घर सोडतच आहेत, पूर्वीपेक्षा जास्त. पुण्याच्या पेठांत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षा देणारी, अभ्यासिकेच्या खुर्चीचं महिन्याचं भाडं भरणारी, जाहिरात निघाली नाही म्हणून आणखी एक वर्ष गावी खोटं सांगणारी. आयटीतल्या पोरी, अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट कापून घेणारे मालक, आडनाव विचारून मग जागा गेली म्हणणारे एजंट. खानावळवालीच्या जागी मेसच्या काकू आल्या, मनीऑर्डरच्या जागी फोनवरचा व्यवहार, आणि त्या व्यवहाराखालीही मजकुराची एक छोटी चौकट असते. मेसच्या एका काकूंकडे बसून वही घेऊन नाटक लिहायला निघालेला लेखक भेटला, तर त्याचं एका महिन्याचं भाडं भरायला मी तयार आहे. संपादकांकडे माझा पत्ता आहे.