एका सिलिंडरचे सामर्थ्य

सडकेवर धावणारी गाडी आणि सडक सोडून जाणारी गाडी यांच्या गरजा परस्परांविरुद्ध असतात. सडकेवर वेग आणि स्थैर्य हवे; तेथे वजन थोडे अधिक असले तरी खपते. खडकाळ रानात वा वाळूत मात्र हलकेपणा, जमिनीपासूनची उंची आणि धक्के पचविणारे लांब स्प्रिंग यांनाच महत्त्व येते. स्वाराने घरातून ज्या गाडीवर निघावे तिच्यावरच डोंगरात शिरावे आणि तिच्यावरच परतावे, या इच्छेतून द्विउद्देशी मोटारसायकल जन्मास आली. या जातीचा अभिजात नमुना म्हणून जपानच्या यामाहा कंपनीची ‘एक्सटी ५००’ ही गाडी ओळखली जाते.

यामाहा हे नाव मूळचे वाद्यांचे. मोटारसायकलींसाठी वेगळी कंपनी निघाली ती १९५५ साली. १९६८ साली तिने २५० सीसी वर्गातील ‘डीटी १’ ही दोन स्ट्रोकची द्विउद्देशी गाडी अमेरिकेत विकण्यास काढली आणि ती लोकप्रिय झाली. परंतु मोठ्या, चार स्ट्रोकच्या, एकाच सिलिंडरच्या गाडीची गोडी तेथील स्वारांना ब्रिटिश कारखान्यांनी आधीच लावली होती. ते कारखाने १९७० नंतर खालावत गेले आणि जागा रिकामी झाली. ती जागा १९७६ च्या सुमारास एक्सटी ५०० ने घेतली.

तिच्या सिलिंडरचा व्यास ८७ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ८४ मिलिमीटर. एकूण घनफळ ४९९ सीसी. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदाच शक्तीचा ठोका मिळतो. सिलिंडर एकच असल्याने हे ठोके दूरदूर, पण भरदार पडतात. त्यामुळे कमी वेगातही चाक नेटाने ओढले जाते, आणि चढणीवर वारंवार गिअर बदलावा लागत नाही. तेलासाठी वेगळी टाकी न ठेवता ते चौकटीच्या पोकळ नळीतच साठविलेले असते. पुढचे चाक २१ इंची असल्याने लहानसहान दगडांत अडकत नाही. या गुणांची किंमतही द्यावी लागते. मोठा पिस्टन एकटाच वरखाली होतो. त्याचा हादरा शमविणारी समतोल दांडी या इंजिनात नाही, आणि वेगाने दूरवर गेल्यास स्वाराचे हात बधिर होतात.

गाडी सुरू करणे ही तर एक विद्याच होती. विजेवर चालणारा स्टार्टर नव्हता. आधी हँडलजवळची तरफ दाबून सिलिंडरमधील दाब सोडावयाचा, मग किक हळूहळू खाली नेऊन सिलिंडरच्या माथ्यावरील छोट्या काचेत खूण दिसते का ते पाहावयाचे. खूण दिसली म्हणजे पिस्टन नेमक्या जागी आला. मग तरफ सोडून एकच पूर्ण, निःशंक किक. यात धसमुसळेपणा केल्यास किक उलट फिरून पायावर आदळे. भारतातील जुन्या बुलेटच्या मालकांना ही कला अपरिचित नाही. त्यांच्या गाडीवरही तशीच तरफ असे, मात्र काचेऐवजी ते अँमीटरचा काटा पाहत.

या साधेपणाची खरी परीक्षा सहारात झाली. १९७७ साली आबिजान ते नीस या शर्यतीत फ्रेंच स्वार तिएरी साबिन लिबियाच्या वाळवंटात वाट चुकला आणि थोडक्यात वाचला. तेथूनच पॅरिस ते डाकार या शर्यतीची कल्पना त्याला सुचली. २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून १८२ वाहने निघाली. मोटारी, ट्रक आणि मोटारसायकली यांची क्रमवारी त्या वर्षी एकच होती. सेनेगालच्या डाकारपर्यंत ७४ वाहनेच पोहोचली. एका मोटारसायकलस्वाराला वाटेत प्राणास मुकावे लागले. १४ जानेवारी १९७९ रोजी पहिला आला तो एक्सटी ५०० वरील तरुण फ्रेंच स्वार सिरिल नव्हू. पुढील वर्षीही, मोटारसायकलींच्या वर्गात, तोच याच गाडीवर जिंकला.

वाळवंटात मोठमोठ्या मोटारी मागे पडाव्यात आणि ही दुचाकी पुढे जावी, याचे कारण वेग नव्हे. वाळूत रुतलेली गाडी स्वार एकटा उपसून काढू शके. सुटे भाग थोडे म्हणून बिघडण्याच्या जागाही थोड्या. ठिणगीसाठी बॅटरीवर अवलंबून राहावे लागत नसे. उणीव होती ती पेट्रोलच्या टाकीची. ती लहान असल्याने स्पर्धक मोठी टाकी बसवून घेत. १९८३ च्या ‘एक्सटी ६०० झेड तेनेरे’ या गाडीला यामाहाने सुमारे ३० लिटरची टाकी दिली, ती या अनुभवातूनच.

१९८० च्या दशकाअखेर एक्सटी ५०० चे उत्पादन थांबले. पुढील द्विउद्देशी गाड्या अधिक शक्तिमान झाल्या, तशा जड आणि गुंतागुंतीच्याही झाल्या. किकची जागा बटणाने घेतली आणि स्वाराचे श्रम निःसंशय वाचले. परंतु मदत शेकडो किलोमीटर दूर असते तेथे यंत्राचे मोल केवळ शक्तीवर ठरत नाही. ते बिघडले असता एकटा माणूस चार हत्यारांनिशी ते पुन्हा चालते करू शकेल की नाही, यावरही ते ठरते.