दातावरचा पांढरा डाग आणि लेसरची ठिणगी

मुलाच्या पुढच्या दातांवर खडूसारखे पांढुरके डाग दिसले की घरातल्या घरात निदान होऊन जाते: 'कॅल्शियम कमी पडतंय.' मग दूध वाढते, आजी नाचणीसत्त्व सुरू करते, कुणीतरी गोळ्याही आणते. नाचणी चांगलीच, पण त्या डागाशी तिचा संबंध नाही. दात हिरडीतून वर येईपर्यंत त्याचे इनॅमल घडवणाऱ्या पेशी संपलेल्या असतात. त्यानंतर खाल्लेले कॅल्शियम आतून त्या थरापर्यंत पोचत नाही.

हा डाग दोन अगदी वेगळ्या कारणांनी पडू शकतो. (आणखीही आहेत, ती इथे बाजूला ठेवू.) एक म्हणजे किडीची सुरुवात. दुसरे फ्लोरोसिस: दात हिरडीच्या आत घडत असताना पोटात गेलेले जादा फ्लोराइड. पंचाईत अशी की किडीपासून बचाव म्हणून टूथपेस्टमध्ये घालतात तेही फ्लोराइडच. एका डागावरचे औषध, तेच जास्त झाले तर दुसऱ्या डागाचे कारण.

इनॅमलचा वजनाने जवळजवळ ९६ टक्के भाग खनिजाचा असतो, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचे हायड्रॉक्सिॲपेटाइट नावाचे स्फटिक. गोड खाल्ल्यावर तोंडातले जिवाणू आम्ल करतात. सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की हे स्फटिक विरघळू लागतात. लाळ त्यातले काही परत भरून काढते. भरणे मागे पडले की वरचा पापुद्रा शाबूत दिसतो आणि खालचा थर पोकळ होत जातो. त्या बारीक छिद्रांत प्रकाश विखुरतो, म्हणून डाग पांढरा दिसतो. फ्लोरोसिसमध्येही पृष्ठाखाली छिद्रेच असतात. त्यामुळे डोळ्याला दोन्ही सारखेच वाटू शकतात. पण खनिजाचा हिशेब वेगळा असतो, आणि तो वाचण्याची एक पद्धत लेसरने साधली आहे.

वरणाचे खारट पाणी उतू जाऊन गॅसवर सांडले की निळी ज्योत क्षणभर पिवळी होते. तो मिठातल्या सोडियमचा रंग. दिवाळीच्या आतषबाजीत लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा. तापवल्यावर प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या रंगाचा प्रकाश देते. प्रयोगशाळेत दातावर लेसरचा एक झोत सोडतात, काही अब्जांश सेकंदांचा. टाचणीच्या टोकाहून लहान जागेतले खनिज उडते आणि हजारो अंश तापलेली ठिणगी पेटते. तिचा प्रकाश वर्णपटमापकातून पाहिला की त्यात जांभळ्या टोकाशी ३९३ आणि ३९७ नॅनोमीटरच्या आसपास कॅल्शियमच्या दोन ठळक रेषा दिसतात. सूर्याच्या वर्णपटात याच दोन रेषा काळ्या दिसतात! फॉस्फरस, मॅग्नेशियम, जस्त, स्ट्रॉन्शियम यांच्या रेषाही तिथेच सापडतात. एकाच जागी झोतामागून झोत सोडला की थराथराने खोलवरचा हिशेब मिळतो.

वेल्समधल्या स्वान्झी विद्यापीठातील गटाने २००१ मध्ये याच पद्धतीने किडका भाग आणि निरोगी भाग वेगळे ओळखून दाखवले. कल्पना व्यवहारी होती: लेसरने दात कोरताना प्रत्येक ठिणगीच सांगेल की कीड संपली, आता थांबा. आपल्याकडे अलाहाबाद विद्यापीठातही किडलेल्या दातांवर असे काम झाले आहे. किडक्या भागात कॅल्शियम आणि फॉस्फरस घटलेले दिसतात.

फ्लोरीन मात्र हट्टी. त्याच्या स्वतःच्या रेषा फार क्षीण असतात. म्हणून संशोधक ठिणगी निवण्याची वाट पाहतात. निवताना फ्लोरीन आणि कॅल्शियम जोडी जमवतात, आणि त्या जोडीचा नारिंगी प्रकाश मोजता येतो.

या पद्धतीत दातावर सूक्ष्म खड्डा पडतो, म्हणून ती बहुतेक काढलेल्या दातांवरच वापरतात. खड्डा न पाडता पाहायचे तर सौम्य लेसर आणि रामन परिणाम आहे, सी. व्ही. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी जाहीर केलेला. त्यात मूलद्रव्यांऐवजी फॉस्फेटच्या बंधांचे कंपन मोजतात, आणि स्फटिकांची घडी कुठे विस्कटली ते कळते.

हैदराबादच्या वाचकांना फ्लोरोसिस म्हटल्यावर नलगोंडा आठवेल. तिथल्या भूजलात फ्लोराइड इतके की दातच नव्हे, हाडेही वाकली. तुरटी आणि चुना वापरून ते पाण्यातून काढण्याची पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेने बसवली, आणि तिचे नावच 'नलगोंडा तंत्र' पडले. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड ही भारतीय मानकाची मर्यादा आहे. दुसरे पाणीच नसेल तर १.५ पर्यंत.

घरी लेसर नसतो, पण थोडे निरखता येते. फ्लोरोसिसचे डाग बहुधा डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखे असतात, फिकट आडव्या रेघांचे. किडीचा डाग हिरडीलगत, जिथे कीटण साचते तिथे, आणि निस्तेज. पक्के निदान दंतवैद्यानेच करायचे. किडीचा डाग या टप्प्यावर फ्लोराइडने पुन्हा घट्ट होऊ शकतो, खड्डा पडल्यावर नाही. सौम्य फ्लोरोसिसला बहुधा उपचार लागतच नाही. तिथे धाकट्या भावंडाचे पाणी तपासायचे असते, कारण त्याचे दात अजून घडत आहेत. जाहिरातीत ब्रशभर पेस्ट दाखवतात तिकडे लक्ष देऊ नका. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत मटाराच्या दाण्याएवढी, आणि गिळू द्यायची नाही.

बोअरवेलचे पाणी असेल तर प्रयोगशाळेतून फ्लोराइड तपासून घ्या. उकळून ते जात नाही. पाणी आटते तसे उलट थोडे वाढतेच.