इंग्रजीत ‘वाढ’ कशी लिहावी?

आपल्या हिमायतनगर भागातील मुले-मुली शिकून नांदेड-लातूरला जातात, परीक्षा देतात, नोकरीला लागतात. पुढे इंग्रजीत अर्ज, टिपणी, अहवाल लिहिण्याची वेळ येते. तेव्हा बऱ्याच जणांजवळ एकच शब्द असतो – ‘इन्क्रीज’. जोर द्यायचा झाला की त्यापुढे ‘व्हेरी’ लावून मोकळे होतात! ‘व्हेरी इन्क्रीज’ असे इंग्रजीत कोणी म्हणत नाही.

मराठवाड्यात निजामी अमलात दफ्तर उर्दूत चाले. तेव्हाचा ‘इजाफा’ आजही पगाराच्या बोलण्यात टिकून आहे. भाषा बदलली, पण कागदावर नेमके लिहील त्याचेच काम होते, हा कचेरीचा नियम काही बदलला नाही.

इंग्रजीत वाढीच्या प्रत्येक तऱ्हेला वेगळा शब्द आहे. हळूहळू पण सतत होणारी ती ‘स्टेडी इन्क्रीज’. थोड्या दिवसांत झपाट्याने झालेली ती ‘शार्प राइज’. सहज नजरेत भरणारी ती ‘नोटिसेबल’ किंवा ‘मार्क्ड इन्क्रीज’. मोठ्या प्रमाणावरची ती ‘सबस्टॅन्शियल’. एकदम चढून लगेच उतरते ती ‘स्पाइक’. ‘सिग्निफिकंट’ मात्र जपून वापरावा. संख्याशास्त्रात त्याचा खास अर्थ आहे : केवळ योगायोगाने सहसा दिसणार नाही, असा फरक.

‘बाय’ आणि ‘टू’ यांचा घोटाळा तर फार महागात पडतो. वसतिगृहात ६० जागा आहेत, आणखी ४० हव्या आहेत, असे समजा. अर्जात ‘इन्क्रीज बाय ४०’ लिहिले तर मागणी १०० जागांची होते. ‘इन्क्रीज टू ४०’ लिहिले तर आहेत त्यातल्या २० जागा आपणच सोडल्यासारखे होते!

टक्क्यांचेही तसेच. महाराष्ट्रात स्त्रियांची साक्षरता १९९१ मध्ये सुमारे ५२.३ टक्के होती, २००१ मध्ये ६७ टक्के झाली. ही वाढ १४.७ ‘परसेंटेज पॉइंट्स’ची. मूळ प्रमाणाशी तुलना केली तर ती सुमारे २८ ‘परसेंट’ भरते. दोन्ही आकडे खरे, पण अर्थ वेगळे. कोणता सांगतो आहोत ते लिहिलेच पाहिजे.

काही वाढीपुढे हे सारे शब्द तोकडे पडतात. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्धांची संख्या २,४८७ होती. १९६१ मध्ये ती २७,८९,५०१ झाली. येथे ‘शार्प राइज’ काय पुरणार? ‘मोअर दॅन अ थाउजंडफोल्ड’, म्हणजे हजारपटीहून अधिक, असेच लिहावे लागते. नुसते ‘पॉप्युलेशन ग्रोथ’ लिहिले तर वाचणाऱ्याला वाटेल, जन्म वाढले. ही वाढ झाली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मदीक्षेमुळे. कारण गाळले की इतिहासच गळून पडतो.

म्हणून विद्यार्थी मित्रांना आणि आमच्या भगिनींना आमचे सांगणे एवढेच : आधी आकडा मांडा, त्याशेजारी वर्ष लिहा, कारण सांगा आणि मग त्या आकड्याला शोभेल तोच शब्द निवडा. आपली मागणी रास्त असते. ती शब्दाच्या चुकीने मागे पडू नये.