ताटातला मासा नेमका कोणता?

मानवतपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे, तरी सुकट-बोंबील आपल्या बाजारापर्यंत येतातच. अख्खा मासा डोळ्यांनी ओळखता येतो. पण डोके, पर आणि कातडी काढलेला तुकडा कोणाचा, हे पुष्कळदा विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. चोरट्या व्यापाराचे याच ठिकाणी फावते आणि खाणाऱ्याची प्रकृती धोक्यात येते.

२००७ साली अमेरिकेतील शिकागो येथे दोघांनी 'मंकफिश' म्हणून विकलेल्या माशाचे सूप घरी करून घेतले आणि ते आजारी पडले. डीएनए तपासणीत तो मासा विषारी केंड निघाला. केंडाचे विष शिजवूनही जात नाही. प्रथम ओठ व जीभ बधिर होतात, पुढे श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात.

ही तपासणी कशी होते?

डीएनए म्हणजे पेशीतील आनुवंशिक मजकूर. मांस वाळवले वा शिजवले तरी त्याचे काही अंश टिकतात. पीसीआर पद्धतीने त्यांच्या असंख्य प्रती काढून ज्ञात जातींच्या नोंदींशी ताडून पाहतात. १९९४ साली स्कॉट बेकर व स्टीफन पलुंबी या शास्त्रज्ञांनी जपानच्या बाजारातील देवमाशाचे मांस असेच तपासले, तेव्हा शिकारीपासून संरक्षण असलेल्या जातींचे तुकडे त्यात सापडले. आपल्याकडे हैदराबादच्या 'सीसीएमबी' संस्थेतील डॉ. सुनीलकुमार वर्मा व डॉ. लालजी सिंह यांनी असंख्य प्राण्यांची जात ओळखणारी पद्धत २००३ साली प्रसिद्ध केली.

भारतात व्हेल शार्क व समुद्रकाकडी यांना २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. त्यांच्या शिकारीस व व्यापारास तीन ते सात वर्षे कैद होऊ शकते. वाळलेला तुकडा ओळखू येत नाही, ही पळवाट डीएनएने बंद केली आहे.

वाचकांनी काय करावे?

* मासा शक्यतो अख्खा पाहून, नाव विचारून घ्यावा.
* मोठ्या मुशीच्या मांसात पारा साठतो. गर्भवती स्त्रिया व लहान मुलांनी ते टाळावे.
* मासे खाल्ल्यावर ओठ-जीभ बधिर झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठावा. उरलेला तुकडा फेकू नये, सोबत न्यावा. खरे नाव त्यावरूनच कळते.