ब्रिटन आणि येमेन: १२९ वर्षांची सत्ता संपली, पण नातं का तुटलं नाही?

१७ फेब्रुवारी १८८३. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा एडनच्या तुरुंगात मृत्यू झाला. शाळेच्या पुस्तकात हे वाक्य अनेकांनी वाचलंय. पण पुण्यात खटला चाललेल्या कैद्याला थेट अरबस्तानात का नेलं?

कारण आज येमेनमध्ये असलेलं एडन तेव्हा मुंबई इलाख्याचा भाग होतं. ब्रिटन आणि येमेनच्या नात्याची गोष्ट इथूनच, म्हणजे व्हाया मुंबई सुरू होते.

ब्रिटिशांना एडन कशाला हवं होतं?

उत्तर आहे कोळसा. वाफेच्या बोटी आल्या आणि मुंबई ते सुएझ या प्रवासात मध्येच कोळसा भरायला बंदर लागू लागलं. १८३७ मध्ये ब्रिटिश झेंडा लावलेलं 'दर्या दौलत' हे जहाज एडनजवळ फुटलं आणि लुटलं गेलं. ईस्ट इंडिया कंपनीला निमित्त मिळालं. १९ जानेवारी १८३९ रोजी कॅप्टन स्टॅफर्ड हेन्स याच्या मोहिमेने एडन ताब्यात घेतलं.

या हेन्सचा शेवटही मुंबईतच झाला. एडनच्या तिजोरीत तूट सापडल्यावर त्याला मुंबईत कर्जदारांच्या तुरुंगात टाकलं. काही वर्षांनी, १८६० मध्ये तो सुटला आणि त्यानंतर लगेचच वारला.

१८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला आणि एडनचं महत्त्व कितीतरी पटींनी वाढलं. तिथे व्यवहार रुपयात होत होते. १९३७ मध्ये एडन भारतापासून वेगळं करून थेट लंडनच्या अखत्यारीत गेलं. तरी भारतीयांचं येणं-जाणं थांबलं नाही. धीरूभाई अंबानी यांनी तरुणपणी तिथेच नोकरी केली आणि मुकेश अंबानींचा जन्मही एडनचाच.

येमेनी लोक ब्रिटनमध्ये कसे पोहोचले?

ज्या बोटी एडनला कोळसा भरायच्या, त्याच बोटींवर येमेनी माणसं कामाला लागली. काम होतं बॉयलरमध्ये कोळसा टाकण्याचं. जहाजाच्या पोटात, असह्य उकाड्यात, कमी पगारावर. यातले बरेच जण एडनचे नव्हते, तर आतल्या डोंगराळ भागातल्या शेतकरी कुटुंबांतले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्डिफ आणि साउथ शील्ड्स या बंदरांत त्यांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. अनेकांनी तिथल्याच मुलींशी लग्नं केली. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजांवर काम करताना कित्येक येमेनी खलाशी समुद्रात बुडाले.

युद्ध संपल्यावर मात्र चित्र बदललं. कामं कमी झाली आणि गोऱ्या खलाशांना प्राधान्य मिळू लागलं. १९१९ आणि १९३० मध्ये साउथ शील्ड्सच्या मिल डॅम भागात दंगली झाल्या. १९३० च्या दंगलीनंतर काही येमेनींना शिक्षा झाली, काहींना देशाबाहेर काढण्यात आलं.

त्याआधी १९२५ च्या एका आदेशाने, ब्रिटिश प्रजा असल्याचा कागद नसलेल्या गोऱ्येतर खलाशांना 'परदेशी' म्हणून नोंदणी सक्तीची केली होती. ज्या साम्राज्याची जहाजं चालवली, त्याच साम्राज्यात आपण परके नाही हे सिद्ध करण्याची वेळ या माणसांवर आली.

तरी वस्ती टिकली. १९७७ मध्ये बॉक्सर मोहम्मद अली साउथ शील्ड्सला आले आणि तिथल्या मशिदीत त्यांच्या विवाहासाठी दुआ मागितली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर आणखी येमेनी शेफिल्ड, बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत आले. जगज्जेता बॉक्सर 'प्रिन्स' नसीम हमीद हा शेफिल्डमधल्या अशाच येमेनी कुटुंबातला.

मग १९६७ मध्ये काय झालं?

१९५४ मध्ये राणी एलिझाबेथ यांचं एडनमध्ये जंगी स्वागत झालं होतं. पण दहा वर्षांच्या आतच वातावरण पालटलं. १४ ऑक्टोबर १९६३ रोजी रदफानच्या डोंगरात बंड सुरू झालं आणि डिसेंबरमध्ये एडनच्या विमानतळावर ग्रेनेड फेकला गेला. पुढची चार वर्षं हल्ले, धरपकड आणि कैद्यांच्या छळाचे आरोप यांतच गेली.

२० जून १९६७ रोजी क्रेटर भागात बंडखोरांनी ब्रिटिश सैनिकांना ठार केलं आणि सैन्याला माघार घ्यावी लागली. दोन आठवड्यांनी कर्नल कॉलिन मिचेल यांच्या तुकडीने हा भाग परत घेतला. मिचेल ब्रिटनमध्ये हिरो ठरले. पण ३० नोव्हेंबरपर्यंत ब्रिटिशांनी एडन कायमचं सोडलं होतं.

एकच घटना, दोन आठवणी

ब्रिटनमध्ये १९६७ म्हणजे साम्राज्याच्या अखेरच्या काळातली एक माघार. येमेनमध्ये १४ ऑक्टोबर आणि ३० नोव्हेंबर हे राष्ट्रीय दिवस आहेत. पण त्याच एडनमध्ये ब्रिटिशकालीन घड्याळाच्या मनोऱ्याला लोक 'बिग बेन' म्हणतात. नंतरच्या यादवी युद्धांनी होरपळलेले काही वयस्कर लोक तेव्हाच्या गजबजलेल्या बंदराची आठवणही काढतात. याचा अर्थ त्यांना परकी सत्ता हवी आहे असा नाही. त्यांना आठवतं ते शहरातलं काम आणि शांतता.

आज हे का महत्त्वाचं आहे?

कारण ब्रिटन येमेनपासून दूर गेलेलाच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत येमेनवरचे ठराव मांडण्याची जबाबदारी ब्रिटनकडे असते. पण २०१५ पासून येमेनवर बॉम्बहल्ले करणाऱ्या सौदी अरेबियाला शस्त्रंही ब्रिटनने विकली. २०१९ मध्ये ब्रिटनच्याच कोर्टाने या परवान्यांची प्रक्रिया बेकायदा ठरवली, तर २०२० मध्ये परवाने पुन्हा सुरू झाले. जानेवारी २०२४ मध्ये लाल समुद्रात जहाजांवर हल्ले करणाऱ्या हुथींवर अमेरिकेसोबत ब्रिटिश विमानांनी बॉम्ब टाकले.

कारण पुन्हा तेच होतं: जहाजांचा मार्ग. फरक इतकाच की आता ही बातमी शेफिल्ड आणि साउथ शील्ड्समधल्या येमेनी घरांतही पाहिली जाते. बॉम्ब टाकणारा देश त्यांचाच आहे आणि ज्या देशावर बॉम्ब पडतात, तिथे त्यांचे नातेवाईक राहतात.